ड्रायव्हरची बाजू

"दाब," पिकअपखालून क्लेम ओरडला.

"दाबला."

"धरून ठेव... आता सोड."

ब्रेकमधली हवा काढायची ही त्या आठवड्यातली चौथी खेप. बेरिल ड्रायव्हरच्या सीटवर होती. जूनपासून तिला तिथं बसायला मिळायचं ते एवढ्याच कामाला, इंजिन बंद असताना. जूनमध्ये तिनं शेडजवळच्या गेटावर गाडी घातली होती. "वय झालं तुझं, वेळेवर ब्रेक लागत नाही," म्हणून क्लेमनं किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. तेव्हापासून ती शेजारी बसायची, आणि शेजारी बसेल त्यानं उतरून गेट उघडायचं, हा तिकडच्या शेतांवरचा रिवाज. घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत सात गेटं, शेडजवळचं पहिलं. एकाहत्तराव्या वर्षी जाताना सात, येताना सात. पण गेटांपेक्षा तिला ते 'वय झालं' जास्त झोंबलं होतं.

आता क्लेमलाच तीन-तीनदा ब्रेक दाबावा लागत होता, तेव्हा कुठं साहेब गाडीखाली शिरले होते.

"दाब."

"एक तरी बुडबुडा येतोय का, क्लेम? पहिल्यांदा दाबला की पाय तळाला टेकतो. दोन-तीनदा दाबला की वर येतो, दगडासारखा. हवा असती तर मऊ लागला असता. हवा ब्रेकमध्ये नाही, तुझ्या डोक्यात गेलीय."

"तू फक्त दाब गं!"

बेरिल खाली उतरली. "मागची चाकं काढ."

"मे महिन्यात नवे ब्रेक-शू घातलेत मी. पुस्तकात बघून."

"काढ म्हणते ना."

तिला खोटं पाडायचं म्हणूनच त्यानं चाक काढलं. चाकामागचा ब्रेकचा ड्रम अलगद हातात आला. एरवी आतले शू टेकलेले असतात, तो ठोकून काढावा लागतो. आत दोन्ही शूंच्या मधला दातेरी स्क्रू पार मिटलेला.

"असं कसं?" क्लेम चिडला. "रिव्हर्समध्ये ब्रेक मारला की हा दातादातानं उघडतो, शू ड्रमजवळ सरकतात. आपोआप!"

"आपोआप मिटलाय."

क्लेमनं ग्रीसनं काळं झालेलं पुस्तक तिच्यासमोर आपटलं. "वाच. 'दोन खाचांचा स्क्रू ड्रायव्हरच्या बाजूला.' ही ड्रायव्हरची बाजू नाही तर काय?" त्यानं उजव्या मडगार्डवर थाप मारली.

बेरिलनं चष्मा लावला. मजकूर तिनं वाचलाच नाही, पुस्तक मिटून वरचं चित्र बघितलं. अशीच पिकअप, आत हसरा माणूस.

"हे पुस्तक अमेरिकेतलं आहे ना?"

"मग? गाडीही तिकडच्याच कंपनीची आहे."

"त्यांचा ड्रायव्हर डावीकडे बसतो, बाबा."

क्लेमनं त्या हसऱ्या माणसाकडे बघितलं. मग त्यानं दुसरं चाकही काढलं. डाव्या-उजव्या स्क्रूंचे आटे उलट असतात; बाजू चुकली की ते उघडायच्या ऐवजी मिटतात. त्यानं स्क्रू अदलाबदल केले, शू ड्रमला जेमतेम घासतील इतपत उघडले. शेडमधून रोज ऐटीत रिव्हर्स घेऊन ब्रेक मारणारा तोच होता, आणि दर वेळी ब्रेक थोडा थोडा खाली घालवणाराही.

"शू घातलेस मेमध्ये," बेरिल म्हणाली. "मी गेटावर गेले कधी?"

क्लेम पाना पुसत राहिला. पुसण्यासारखं त्यावर काही उरलं नव्हतं.

"जूनमध्ये," तो शेवटी म्हणाला आणि किल्ली बॉनेटवर ठेवली.

बेरिलनं गाडी सुरू केली. क्लेम दुसऱ्या दारानं आत बसला. तिनं पिकअप थेट शेडजवळच्या त्या गेटाच्या रोखानं सोडली. क्लेमनं डॅशबोर्ड घट्ट धरला. बेरिलनं ब्रेक एकदाच दाबला. बंपर आणि गेट यांच्यात वीतभर जागा उरली.

धूळ खाली बसली.

"थांबली," क्लेम पुटपुटला.

"उतर आता," बेरिल म्हणाली. "पुढं अजून सहा आहेत."