दमलेल्यांची गाडी

कोलंबियातल्या पाम्प्लोनाच्या घाटात एवेलिओच्या टपरीसमोर सायकलफेरीच्या मागून येणारी शेवटची गाडी थांबली. फेरी व्हेनेझुएलातून येणाऱ्या निर्वासितांच्या मदतीसाठी होती. गाडी जवळजवळ रिकामीच होती. टपरीच्या बाकावर तिकडूनच चालत आलेली युस्मारी बसली होती. तिच्या पायांना फोड आले होते, अंगावर पातळ सदरा होता. अंधार पडायच्या आत माथा ओलांडला नाही, तर ती थंडीने मेली असती.

“हिला माथ्यापलीकडे सोड,” एवेलिओ ड्रायव्हरला म्हणाला.

ड्रायव्हरने मोबाइलमधून डोकं वर काढलं नाही. “ही गाडी दमलेल्या सायकलवाल्यांसाठी आहे, काका.”

“आणि ते दमतायत कोणासाठी?”

“यांच्यासाठीच की. म्हणून काय आता डोक्यावर बसवू? मला गरम गुळपाणी द्या, चीजचा तुकडा टाकून.”

एवेलिओने कप त्याच्यापुढे आदळला आणि युस्मारीला खुणेनं टपरीमागे नेलं. बायको गेल्यापासून तिच्या सायकलीला त्याने कोणाला हात लावू दिला नव्हता. ती सायकल, हेल्मेट आणि बायकोचं जाड जाकीट त्याने युस्मारीला दिलं आणि तिला पुढच्या वळणावर नेऊन बसवलं.

“तोंड उघडू नकोस,” तो म्हणाला. “बोललीस की लगेच ओळखतील, तू कुठली ते.”



थोड्या वेळाने गाडी वळणावर थांबली. ड्रायव्हर धावतच खाली उतरला आणि तिच्या खांद्यावर घोंगडी टाकत म्हणाला, “बसा, ताई. त्या बिचाऱ्यांसाठी किती हाल करून घेता तुम्ही.”