एकमताचा सल्ला

"मैदान काढून टाकावं आणि तिथे गाड्या उभ्या करायची सोय करावी, असा सल्ला आपण देतोय. संमती असेल त्यांनी हात वर करा," आबा म्हणाले, आणि टेबलाभोवतीचे हात पटापट वर गेले. शिंपीणबाईंचा तेवढा मांडीवरच राहिला.

वस्तीच्या सल्लागार समितीवर निवडून आल्यानंतरची त्यांची ही पहिलीच बैठक. लॉन्ड्रीच्या वरची खोली, खालून येणारी इस्त्रीची वाफ आणि हे असलं ऐकायला!

"थांबा जरा," त्या उठल्याच. "मैदान वाचवीन म्हणून मला लोकांनी मतं दिलीत. लेक-सून दिवसभर कामावर. नात झोपाळ्यावर आणि मी समोर खिडकीत मशीनवर, असं आमचं चालतं. मैदान गेलं तर पोरीला काय कपाटात कोंडू?"

कुणी वर बघेना. कोपऱ्यात नगरपालिकेचा कारकून मान खाली घालून बैठकीचं टिपण लिहीत होता.

"गाड्यांना जागा नको का, बाई?" न्हावी म्हणाला. त्याच्याकडे साधी सायकलही नव्हती.

"आणि आबा, तुम्हीसुद्धा?"

आबा म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर आणि समितीचे अध्यक्ष. झोपाळ्याच्या साखळ्या कुरकुरल्या की तेलाची बाटली घेऊन धावायचे ते हेच. "मुलं काय, घरातही खेळतात," ते छताकडे बघत म्हणाले.

शिंपीणबाईंचा आवाज चढला, मग भरून आला. नातीने तिथेच पहिलं पाऊल टाकलं होतं, हेही त्या सांगून बसल्या. ते ऐकून नर्सबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. वस्तीत दवाखाना हवा म्हणून वर्षानुवर्षं नगरपालिकेत खेटे घालणारी ही मायाळू बाई. तिचा हात हळूहळू खाली येऊ लागला.

"हात वर!" आबा ओरडले. एरवी त्यांनी कधी मांजरावरही आवाज चढवला नव्हता. "लिहा हो कारकूनसाहेब. एक विरोधात, बाकी सगळे बाजूने."

शिंपीणबाई ताडताड जिना उतरल्या. लोक हसायचे ते उगाच नाही, त्यांना वाटलं. समितीने सल्ला द्यायचा आणि नगरपालिकेच्या मोठ्या साहेबांनी त्याला केराची टोपली दाखवायची, हा वस्तीतला जुना विनोद होता. रस्त्यावरच्या दिव्यांना विरोध करून ही मंडळी तोंडावर आपटली होती, कोपऱ्यावरच्या नळाला विरोध करून पुन्हा आपटली होती. म्हणून तर बाई निवडणुकीला उभ्या राहिल्या होत्या. 'माझं साहेबांना ऐकावंच लागेल,' असं त्या दारोदार सांगत फिरल्या होत्या.

पुढच्या बैठकीपर्यंत त्या समितीतल्या कुणाशी बोलल्या नाहीत. न्हावी शर्ट शिवायला घेऊन आला तर म्हणाल्या, "गाड्यांच्या गॅरेजात टाक." नातीने विचारलं, "आजी, झोपाळा कुठे जाणार गं?" तेव्हा मात्र मशीनवर चुकीची शिवण पडली ती त्यांना उसवत बसावी लागली.

बैठकीला कारकून मोठ्या साहेबांचं उत्तर घेऊन आला आणि उभ्यानेच वाचू लागला.

"समितीचा सल्ला अमान्य. मैदान आहे तिथेच राहील. शिवाय तिथे नवी घसरगुंडी बसवण्यात येईल."

"आपटलात ना पुन्हा तोंडावर!" शिंपीणबाईंनी टाळीच वाजवली. आनंदाने त्यांना खुर्चीत बसवेना. बाकीचे सुतकी चेहरे करून बसले होते. आबांनी तर कपाळाला हात लावला.

कारकुनाचा फोन वाजला, तसा तो बोलायला जिन्यात गेला.

टेबलाखाली नर्सबाईंनी शिंपीणबाईंचा हात घट्ट धरला. न्हाव्याने तोंडात रुमाल कोंबला होता आणि त्याचे खांदे गदागदा हलत होते.

"बाई," आबा दाराकडे डोळा ठेवून कुजबुजले, "त्या दिवशी तुम्ही आमचा जीव टांगणीला लावला होतात. नर्सबाई फुटल्या असत्या तर बाकीचेही विरघळले असते आणि मैदान गेलंच होतं."

"म्हणजे?"

आबांनी नुसतं खिडकीकडे बोट केलं. खाली कोपऱ्यावर दिवा लागला होता आणि त्याच्या उजेडात कुणीतरी नळावर बादली भरत होतं.

जिन्यात पावलं वाजली. सगळे चेहरे पुन्हा पडले.

"पुढचा विषय," कारकून बसत म्हणाला. "वस्तीत दवाखाना काढावा की नाही, यावर साहेबांना समितीचा सल्ला हवाय."

शिंपीणबाईंनी नर्सबाईंकडे पाहिलं, पदर खोचला आणि टेबलावर मूठ आपटली.

"दवाखाना? मुळीच नको!"