लाल दिवा

ईश्वरा कोळेकरने कमरपट्टा आवळून शिरीषाच्या झाडावर दोर टाकला, तोच खोडावर बसवलेला दिवा लाल झाला.

“काका, झाड तुम्हाला घाबरलंय,” नगरपालिकेच्या रेवतीबाई म्हणाल्या. “दिवा हिरवा होईपर्यंत करवत लावता येणार नाही.”

“बाई, फांदी कुजलीय. आज काढली नाही तर कीड खोडात उतरेल आणि झाड जाईल. वीस वर्षं झाडं जगवतोय मी!”

“मला कळतं हो. पण झाडाला कसं सांगू?”

ईश्वरा बराच वेळ येरझारा घालत राहिला. शेवटी नियम मोडून चढलाच. फांदी उतरवून त्याने जखमेवर औषध लावलं आणि खोडाला हात टेकून थांबला. हळूहळू दिवा हिरवा झाला.

रेवतीबाई हसल्या. ईश्वरा मात्र रस्त्यापलीकडे बघत होता. तिथल्या एकेका झाडावरचा दिवा लाल होत चालला होता.