फाइलच्या पोटातलं नाव

"आई, पुन्हा तेच!" मनवाने कपाळावर हात मारला. पाळणा-गायनाच्या स्पर्धेचा आज शेवटचा दिवस, आणि सासूबाईंची फाइल वेबसाइटने तिसऱ्यांदा परत फेकली होती.

"अगं, एमपीथ्रीच हवी होती ना? नावाचं शेपूट पुसून एमपीथ्री लिहिलं की मी!" सासूबाई ठसक्यात म्हणाल्या.

मनवाने लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला. "ही फाइलची अगदी पहिली अक्षरं. ओ, जी, जी, एस. म्हणजे व्हॉट्सॲपवर केलेलं रेकॉर्डिंग. एमपीथ्रीची सुरुवात अशी नसते. वरून काहीही नाव चिकटवा, आत असतं तेच राहतं! कितीदा सांगू?"

मनवाने चरफडतच फाइल खरोखरची एमपीथ्री करून घेतली, वेबसाइटवर चढवली आणि गायिकेच्या रकान्यात 'सुहासिनी' टाइप केलं.

"ते खोड," सासूबाई हळूच म्हणाल्या. "लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळांत अंगठीने लिहिलेलं नाव ते. वरून चिकटवलेलं."

"मग काय लिहू आता?" मनवा अजून घुश्शातच होती.

"वेणू लिही. गाणारी अजून तीच आहे."