आदरार्थी बहुवचन

“मेला नाही म्हणायचं,” ती म्हणाली. “डास मेला, उंदीर मेला. माणसाला मेला म्हटलं तर ती शिवी होते. भांडण होईल तुमचं.”

शिक्काबाईनं वहीतला शब्द खोडला. वहीत उरलं:

तो माणूस ———.

शिक्काबाई ही भाषा विभागातली कारकून. पन्नाशी उलटलेली, समोर येईल त्या कागदावर शिक्का मारणारी. नाव शिकवणारीनंच मनातल्या मनात ठेवलेलं. परक्या देशात मराठीची साहाय्यक शिक्षिका म्हणून ती उतरली, तेव्हा खोलीची किल्ली बाईनंच हातात दिली होती. भिंतीवरचा हीटर कुठे थोपटला की चालू होतो तेही बाईनंच दाखवलं. आणि वर्गाला पाचच विद्यार्थी मिळाले, सहा नसतील तर वर्ग बंद असा नियम निघाला, तेव्हा बाईनं सहावं नाव स्वतःचं लिहिलं, त्यावर शिक्का मारला आणि मागच्या बाकावर येऊन बसली.

शिकण्यात मात्र बाई ढ. तीन महिन्यांत एक वाक्य धड नाही. ‘माझा खुर्ची’, ‘गरम चहा आहेत’. दोघींचं बोलणं बाईच्याच भाषेत चालायचं.

या सोमवारी तास संपल्यावर बाई दोन कप कॉफी घेऊन आली. दार लावलं.

“मला एक वाक्य हवंय. आजच.”

“कशासाठी?”

“वाईट बातमी सांगायची आहे.”

दर गुरुवारी बाई इस्पितळात जाऊन परदेशी रोग्यांच्या नातेवाइकांजवळ बसते, हे तिला ठाऊक होतं. “तिथे आमच्याकडचं कोणी आहे का?”

बाईनं कॉफीवर फुंकर घातली. “शब्द सांग.”

खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. तीन महिन्यांत पहिल्यांदाच तिची भाषा कुणाला तरी खरोखर लागत होती. बाईनं वहीतला ‘मेला’ खोडल्यावर तिनं खडू उचलला.

तो माणूस वारला.
तो माणूस गेला.

“गेला? कुठे गेला?”

“कुठे नाही. गेला म्हणजे गेला. ऐकणाऱ्याला कळतं.”

“आणि बाजारात गेला तर?”

“तर परत येतो.”

बाई हसली नाही. एरवी हसायची.

“पण कोण गेलं ते सांगा ना. त्याशिवाय क्रियापद होत नाही आमच्याकडे. बाई की पुरुष, लहान की मोठं?”

“सगळी लिही.”

मुलगा गेला.
आई गेली.
बाबा गेले.

बाईनं चष्मा वर केला. “आई एक, आणि बाबा पुष्कळ? किती बाबा असतात तुम्हाला?”

“एकच हो! तो आदर आहे. आदर द्यायचा तर एकाला अनेक करायचं.”

“मग आईला आदर नाही?”

“आई आपली असते. तिला कसला आदर!”

तिच्या घरी बाबांना ‘अहो’च म्हणत. निघायच्या दिवशी बाबा म्हणाले होते, “लोकांच्या पोरांना बाराखडी शिकवायला सातासमुद्रापार? महिन्याभरात तोंड पाडून परत येशील.” तीही कमी नव्हती. “नोकरी पक्की झाल्याशिवाय तुमच्याशी बोलणारसुद्धा नाही,” असं म्हणून तिनं बॅग उचलली. तेव्हापासून बापलेकीचा अबोला. दर रविवारी भाऊ फोनवर सांगायचा, “अगं, मला स्पीकर लावायला लावतात आणि स्वतः पेपर तोंडापुढे धरतात. उलटा असतो तो पेपर. बोल की एकदा.”

“पक्की होऊ दे,” ती म्हणायची.

पक्की होणार की नाही, ते आज सकाळच्या बैठकीत ठरायचं होतं. सकाळपासून तिचे सलग तास; फोन पिशवीत बंद. निकालाचा कागद बाईकडेच येणार. बाईपुढे एक फाइल होती, आणि फाइलीवर बाईचा हात. तिची नजर राहून राहून तिकडे जात होती.

“फोनवर सांगू नका हं,” तिनं विषयाला धरून राहायचा प्रयत्न केला. “जवळ बसा. आमच्यात आधी ‘तब्येत जरा जास्त आहे’ म्हणतात. मग हळूहळू.”

“म्हणजे खोटं?”

“खोटं नाही. पायरी.”

“मला पायऱ्या जमणार नाहीत. माझं मराठी एका वाक्यापुरतं आहे.”

बाई पुटपुटत राहिली. गेला, गेली, गेले. चुकली की मान हलवून पुन्हा पहिल्यापासून. शाळेतल्या पोरीसारखे तिचे ओठ हलत होते.

शेवटी हिलाच धीर धरवेना. “बाई, बैठकीत काय झालं? वर्ग बंद ना?”

“नाही. वर्ग राहिला. तूही राहिलीस. दोन वर्षं. सही झाली.”

खडू हातातून सुटला आणि त्याचे दोन तुकडे झाले. ती हसली, मग डोळे पुसले, मग परत हसली. घरी आता संध्याकाळ झाली असेल. आधी बाबांनाच सांगायचं. आज तरी पेपर सुलटा धरा म्हणायचं. तिनं पिशवी ओढली.

“दोनच मिनिटं हं बाई. एक फोन करते.”

बाईनं फाइल उघडून कागद पुढे सरकवला. रजेचा अर्ज होता. वर तिचं नाव, पंधरा दिवसांची रजा, खाली शिक्का.

“मी कुठे रजा मागितली?”

“सकाळी कार्यालयात तुझ्या भावाचा फोन आला होता,” बाई म्हणाली. मग उठली, टेबलाला वळसा घालून आली, खुर्ची ओढून तिच्याजवळ बसली आणि तीन महिन्यांत पहिल्यांदाच, एकही चूक न करता, मराठीत बोलली.

“तुझे बाबा गेले.”