वापरात नसलेला तुकडा

शाल्मली चहाचे कप घेऊन गॅलरीत आली आणि जागीच थबकली. तिचा नवरा निनाद चौदाव्या मजल्याच्या कठड्यावर पाय बाहेर सोडून बसला होता. त्याच्या मांडीवर त्यांची चार वर्षांची ओवी रडून लालबुंद झाली होती.

"निनाद, आत ये! आधी तिला दे माझ्याकडे!"

"अगं, झालं काय? मस्त वारं आहे इथे."

सकाळीच त्याच्या मेंदूतली चिप अपडेट झाली होती. मोठ्यांच्या भावना आता चिपच चालवायची. ओवीला ती अजून बसवलेली नव्हती.

शाल्मलीच्या झटकन लक्षात आलं. त्या चिपच्या कर्नेलची, म्हणजे मूळ प्रणालीची, साफसफाई तिच्याच टीमने केली होती. वर्षभरात एकदाही न चाललेला कोड म्हणजे अडगळ, असं ठरवून तिनेच एक जुना तुकडा उडवला होता. तो कशासाठी होता, हे कोणालाच सांगता येईना. पण चाचणीतली माणसं तर वर्षभर कंपनीच्या बैठ्या वसाहतीत राहिली होती. तिथे उंचीची भीती वाटणार कुठून?

ती कप टाकून धावली. ओवीचा दंड धरणार इतक्यात तिच्या कानामागे बारीक शिट्टी वाजली. तिचंही अपडेट पूर्ण झालं होतं.

छातीतली धडधड थांबली. खालचा रस्ता किती सुंदर दिसत होता! ती निनादशेजारी चढून बसली.

"आई, मला भीती वाटते," ओवी हुंदके देत म्हणाली.

"कसली गं?" शाल्मलीने खरंच न कळून विचारलं. लेकीला नीट दिसावं म्हणून निनादने तिला दोन्ही हातांनी उचलून पुढे धरलं.