हरकती आणि सूचना

इस्पितळातून सुटलेले पेशंट घरी जाण्याआधी जिथे पुन्हा उठायला-बसायला शिकत, तो वॉर्ड बंद करायचं घाटत होतं. लोकांचं म्हणणं ऐकायला शाळेच्या हॉलमध्ये सभा भरली. शिंपी दुकान बंद ठेवून आला होता. त्याचा नंबर एकोणिसावा.

सतरावा माणूस बोलत असताना वॉर्डातून बहिणीचा फोन आला. "दादा, बाबा गेले रे."

"बरं," तो म्हणाला. उठायचं काही त्याला सुचलं नाही.

नंबर पुकारल्यावर त्यानं घरून लिहून आणलेला कागद जसाच्या तसा वाचला. "माझे वडील त्या वॉर्डात पुन्हा चालायला शिकताहेत."

"अरे वा! कुठवर चालतात आता?" सभा घेणाऱ्या साहेबांनी विचारलं.

"काल दारापर्यंत गेले होते."

"छान. आणखी काही सूचना?"

"एक खाट आत्ताच रिकामी झालीय साहेब. ती काढू नका, कुणालातरी द्या."